हातातला वेग निघून जाताना

हात, पाय किंवा आवाज हल्ली ऐकेनासा झालाय आणि घरचे म्हणतात, "काय न्हाई, वय झालं", अशा माणसांसाठी मी हे लिहितेय. डॉक्टरकीतलं मला फारसं कळत नाही. शाळा मधेच सुटली, पुढचं सगळं ऐकून आणि बघून शिकले. तेव्हा बोलते तशीच लिहिणार. मधे भरकटले तर सांभाळून घ्या.

आजाराचं नाव पुढं येईलच. तो घरात शिरला कसा ते आधी सांगते. तो माझ्या गिटारीवाटे आला.

गिटार कुठली?

आमच्या कुंडलमध्ये माझी गिटार म्हटलं की काही जण अजून हसतात. आमचे सुभेदार, म्हणजे माझे मालक, फौजेतून रिटायर होऊन लय वर्षं झाली, पण मी त्यांना चारचौघांत सुभेदारच म्हणते. मी तरणी असताना त्यांची बदली शिलाँगला झाली. क्वार्टरच्या मागं एका खासी कुटुंबाचं घर होतं. एकमेकींची भाषा कळायची नाही. पण त्या घरातली थोरली मुलगी दुपारी इलेक्ट्रिक गिटार वाजवायची आणि मी धुणं वाळत घालता घालता हातात ओला पिळा घेऊन ऐकत उभी राहायची. लग्न होऊन ती दूर गेली, तेव्हा जुनी गिटार आणि कॅसेटींची पिशवी माझ्या दारात ठेवून गेली.

त्या कॅसेटींत परदेशातले रॉकवाले होते. त्यांच्यात एक वेगळी जात आहे. बाकीचे एकदा तार छेडतात आणि पुढचे सूर डाव्या हाताच्या बोटांनी घसरवून काढतात. ऐकायला गुळगुळीत लागतं. हे लोक तसं करत नाहीत. प्रत्येक सुराला स्वतंत्र फटका. पिकनं, म्हणजे त्या प्लास्टिकच्या तिकोनी तुकड्यानं, एक सूर खाली मारायचा, पुढचा वर मारायचा. खाली-वर, खाली-वर. कितीही वेग असो, क्रम मोडायचा नाही. तार बदलली तरी मोडायचा नाही. मग सूर असा सुटा पडतो, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. मला त्याचं येड लागलं.

शिकवणारं कोणी नव्हतं. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की कॅसेट हळू चालते हे मला एकदा अचानक कळलं, आणि त्या हळू आवाजात प्रत्येक फटका वेगळा ऐकू आला. तेव्हापासून उतरलेले सेल मी डब्यात साठवायला लागले. सुभेदारांनी डबा बघितला.

"मेलेले सेल कशाला गं जमवतीस?"

"माझे मास्तर हायती ते. पाया पडा."

पुढं गावी आलो. सासू-सासऱ्यांचं केलं, पोरांची लग्नं केली, पण हात सोडला नाही. सांगलीत अश्फाक म्हणून आहे, त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि तो ड्रम वाजवतो. त्याचा मेहुणा बास वाजवतो. आम्ही तिघं गणपतीत, कॉलेजच्या गॅदरिंगला, कुठं हळदीला वाजवायचो. साडी नेसलेली म्हातारी गिटार घेऊन उभी राहिली की लोक आधी हसायचे. वेगाची पहिली ओळ ऐकली की गप व्हायचे. बढाई मारत नाही. बदलीच्या मागं अर्धं आयुष्य गेलं, घर सरकारचं, शेजार तात्पुरता. हा वेग तेवढा माझा होता. तोच पणाला लागला, म्हणून एवढं सांगितलं.

वरचा फटका

एका दुपारी नेहमीची ओळ वाजवत होते. खालचे फटके ठणठणीत, वरचे पोकळ. पिक तारेला लागतेय न लागतेय. वाटलं, पिक झिजली. नवी घेतली. मग वाटलं, तारा जुन्या झाल्या. त्या बदलल्या. मग गिटारची मान वाकली असेल म्हणून सांगलीला दाखवून आणली. काही वाकलेलं नव्हतं.

अश्फाकला ऐकवलं. तो म्हणाला, "काकी, मला तर सेमच वाटतंय."

सुनेला, सुवर्णाला, सांगितलं. ती चुलीपाशी होती. "आत्या, भाकरी तर गोल थापताय. हाताला काय झालंय तुमच्या?"

तेही खरंच होतं. भाकरी गोल, सुईत दोरा जातोय, नातीची वेणी घालता येतेय. फक्त त्या वेगात, त्या वरच्या फटक्यावर, कोणीतरी मागून मनगट धरल्यासारखं व्हायचं. आणि ते दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हतं.

मग मी तेच केलं जे जन्मभर केलं. हात चुकतोय म्हणजे सराव कमी पडतोय. सकाळी बसायची ती जेवायच्या वेळेपर्यंत, आणि दुपारी परत. मनगटाचा दगड व्हायचा. गरम पाण्यात बुडवून परत बसायची. जितकी जास्त बसायची तितका तो फटका लांब जायचा.

त्याच सुमाराला एकदा गॅससमोर उभी होते. सुवर्णा अंगणातून पळत आली. "आत्या! दूध करपलंय की! वास येत न्हाई व्हय?"

पातेलं माझ्या पुढ्यात होतं. तळाला काळं झालेलं. घरभर धूर. मी वाकून वास घेतला. काही नाही. करपल्याचा नाही, दुधाचा नाही, धुराचासुद्धा नाही.

"सर्दी झालीया," मी म्हटलं.

सर्दी नव्हती. ते मला तेव्हाच माहीत होतं.

परेड

सुभेदार फौजेच्या सेंटरवर रंगरुटांचे, म्हणजे नव्या भरतीच्या पोरांचे, उस्ताद होते, पोरांना चालायला शिकवायचे. माणूस चालताना त्यांची नजर आधी हातांवर जाते. एकदा बाजारातून येताना मागून ओरडले, "अगं, उजवा हात हालीव की. अंगाला चिकटवलाय व्हय?"

"हालतोय की."

"डावा हालतोय. उजवा सुट्टीवर हाय."

मी बघितलं. खरंच, उजवा हात शेजारच्याचा असल्यासारखा नुसता लोंबत होता. मुद्दाम हलवला तर हलायचा. बोलायला लागले की थांबायचा.

सुभेदारांच्या हिशेबी हात न हलवणारा रंगरूट एक तर आळशी असतो, नाही तर घाबरलेला. दोन्हीवर औषध एकच. झालं. रोज संध्याकाळी अंगणात माझी परेड. "तेज चल! बाजू पूरा हिला! नजर सामने!" कंपाउंडवरून शेजारची शांता बघायची.

"काकी, भरतीला निघालाय व्हय?"

"व्हय, तुझ्या नवऱ्याच्या जागी!"

लय हसलो त्या दिवसांत. तुळशीपासून फाटकापर्यंत जायचं, फिरायचं, परत यायचं. मी लक्ष देईपर्यंत हात झुलायचा, आणि सुभेदार म्हणायचे, "बघ, येतंय की तुला! ध्यान न्हाई तुझं, दुसरं काय न्हाई."

मी वाजवणारी, ते परेडवाले. दोघांचाही एकाच गोष्टीवर विश्वास, की चूक घोटून घोटून जाते. असा विश्वास असलेल्या घरात हा आजार निवांत वाढतो. म्हणून सांगते, आजवर आपोआप होणारी गोष्ट आता हुकूम दिल्याशिवाय होत नसेल, तर घोटत बसू नका. दाखवायला जा.

मिरज

आधी जवळच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मानेचा मणका म्हटलं आणि पट्टा दिला. वयाच्या मानानं तेच वाटणार. गळ्यात पट्टा घालून गिटार वाजवायची मी. त्यात पुष्कळ महिने गेले. मग एकदा ब्लाऊजची बटणं लावताना उजवी बोटं मधेच थांबली. नुसती थांबली. मी त्यांच्याकडं बघत बसले, ती माझ्याकडं. त्याच आठवड्यात मिरज गाठली.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, शांत. म्हणाल्या, "अंगठा आणि पहिलं बोट उघडा-मिटा करा. भराभर, मोठं."

मी केलं. त्यांनी नीट बघितलं. "वेग चांगला आहे की तुमचा."

दुसरी कुणी खूश झाली असती. मी नाही झाले. म्हणजे हाताचा एवढा वेग गेला, तरी उरलेला वेग शहाण्यासुरत्या माणसाला चांगलाच वाटतोय. मग हा आजार कुणाला दिसणार, आणि कधी?

सुभेदार दारापाशी उभे होते. घसा खाकरून म्हणाले, "म्याडम, ही गिटार वाजवती. तिथं कळतंय म्हणती तिला."

बाई हसल्या नाहीत. "पुढच्या वेळी गिटार घेऊन या," म्हणाल्या.

गेलो घेऊन. दारावरचा वॉचमन म्हणतो, "आत कार्यक्रम हाय का, मावशी?" सुभेदार म्हणाले, "हाय. तिकीट लागंल." तोच त्या दिवसातला शेवटचा विनोद.

तपासायच्या खोलीत गिटारीचा आवाज मोठा करणारा अँप नव्हता. नुसत्या तारांचा चिरका आवाज. मी वेगाची ओळ सुरू केली. सुरुवात बरी झाली. मग फटके बारीक व्हायला लागले. मी बारीक करत नव्हते, ते होत होते. आणखी बारीक, आणखी हळू. शिलाँगला सेल उतरल्यावर कॅसेट जशी ओढत ओढत मंदावायची, अगदी तशी. पण तेव्हा सेल माझ्या मुठीत असायचे.

"पुन्हा एकदा," बाई म्हणाल्या. दुसऱ्या वेळी ती ओळ आणखीच लवकर मंदावली.

त्यांनी मला बोळात चालायला लावलं. मग विचारलं, "वास येतो का सगळा?"

मी करपलेल्या दुधाचं सांगितलं.

"झोपेत हातपाय झाडता का? ओरडता?"

"लाथा मारती," सुभेदार म्हणाले. हे ते पाहुण्यारावळ्यांत कित्येक वर्षं हसून सांगत आलेले. ह्या वेळी अर्ध्यातच थांबले.

बाईंनी सगळं जुळवून नाव सांगितलं. पार्किन्सन. आपल्याकडं कंपवात म्हणतात तो.

"पण म्याडम, हात थरथरत न्हाई की माझा."

"सगळ्यांचा थरथरत नाही. काहींचा आधी मंदावतो."

"बरा व्हतो?"

"सांभाळता येतो," त्या म्हणाल्या.

मी विचारलेलं एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आलं, हे आम्हा नवरा-बायकोला कळलं.

येताना पलूसच्या अलीकडं रसवंतीवर थांबलो. सुभेदारांनी ग्लास हातात धरला आणि तसाच धरून राहिले. "मी तुला परेड करवली," एवढंच म्हणाले. घुंगराचा आवाज चालू होता. मी म्हटलं, "रस प्या, माशा बसतायत."

बाकावरची माणसं

मग मिरजेच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथं म्हसवडकडचे एक तात्या भेटायचे. जन्म मेंढरांमागं गेलेला, आता थोडी शेती. हात सतत हलत असायचा, जोंधळा पाखडल्यासारखा. पहिल्या दिवशी माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचा तर हात गप हाय. तुमी कशाला आला हितं?"

त्यांची बायको सखूबाई म्हणाली, "आवं, त्यांचा गप हाय त्योच आजार हाय. तुमचं तुमी बघा."

त्यांचं नाव पुकारलं. तात्या उठले, दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यापाशी पाय जमिनीला खिळला. मागं रांग. कोणीतरी ढकलायला लागलं तर सखूबाई डाफरली, "हात लावू नगा!" तिनं त्यांचीच काठी त्यांच्या पायापुढं जमिनीवर आडवी टाकली. तात्यांनी काठीकडं बघितलं, पाय उचलला, ओलांडली आणि सरळ आत चालत गेले, जणू काही झालंच नव्हतं.

लोक कौतुकानं बघत होते. मी माझ्या पायांकडं बघत होते.

सखूबाईनं मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. अडकला की ओढायचं नाही, ओरडायचं नाही, ओलांडायला काहीतरी द्यायचं. हे घरच्यांना वाचून दाखवा.

गोळी

ह्या आजारात घर गोळीवर चालतं. गोळी चढली की हात माझा. उतरली की कुणाचा तरी. डाळ-दुधाबरोबर गोळी नीट लागू पडत नाही, म्हणून डाळ-दूध कधी, गोळी कधी, ते सुवर्णा सांभाळते. भाकरीचं पीठ तिनं माझ्या पुढ्यातनं काढून घेतलं तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. बिचारी त्याआधी गुपचूप माझ्या भाकरीच्या जाड कडा कापून खात होती, ते मला नंतर कळलं.

गोळी सुरू झाल्यावर थोड्या दिवसांत वरचा फटका परत आला. पहिल्यासारखा नव्हे, पण आला. मी अश्फाकला फोन करून रडले. त्यानं लगेच सांगलीत एका कॉलेजचा कार्यक्रम धरला. तिथंच माझं चुकलं. मला वाटलं, एका गोळीनं एवढा येतो तर दोनांनी सगळा येईल. डॉक्टरांनी बजावलं होतं, आपल्या मनानं वाढवायची नाही, अंग आपोआप हलायला लागेल, चक्कर येईल. ऐकणार कोण.

निघायच्या आधी सुभेदारांना म्हटलं, "आणि एक द्या."

"न्हाई."

"हात माझा हाय."

"हात तुझा हाय. गोळी डॉक्टरांची हाय."

"तुमाला बरंच वाटलं आसंल. म्हातारी घरात बसल, गप ऱ्हाईल."

त्यांनी खिशातली गोळ्यांची पट्टी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "घे. तुझ्या हातानं घे."

मी पट्टी उचलली. अंगठ्यानं दाबली. गोळी निघेना. परत दाबली. कागद फाटेना. उजव्या अंगठ्यात तेवढा जोर, तेवढी नेमकी जागा सापडेना. डाव्यानं केलं असतं तर निघाली असती. पण मला उजव्यानंच काढायची होती. सुभेदार बघत होते. हात पुढं केला नाही. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

शेवटी मी पट्टी खाली ठेवली. "चला," म्हटलं.

सांगली

पहिलं गाणं छान झालं. दुसऱ्याच्या मध्यावर गोळी उतरायला लागली. ते आतून कळतं. खांद्यापासून खाली कोणीतरी एक एक दिवा मालवत येतं. वेगाची ओळ पुढं येत होती. मी सुरू केली आणि वरचे फटके गळून पडले. एकही लागेना.

समोर पोरं. मागं अश्फाक. थांबावं की काय करावं, कळेना. आणि हात आपला खालीच मारत राहिला. खाली, खाली, खाली. एक सूर वाजवायचा, पुढचा सोडायचा. ओळ अर्धी झाली. अश्फाकनं माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता ताल अर्ध्यावर आणला. मेहुण्यानं बास त्यात बसवला. जड, संथ असं काहीतरी निघायला लागलं, डोंगर उतरताना बैलगाडीच्या चाकाला लाकडी ब्रेक लावल्यावर येतो तसल्या आवाजाचं. पोरांना वाटलं असंच असतं. ती माना हलवायला लागली.

टाळ्या चांगल्या पडल्या. मागं आल्यावर अश्फाक म्हणाला, "काकी, पुढच्या वेळी हेच करूया. हळू."

"हळू म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

सुभेदार कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन उभे होते. मी बाटली घेतली. टोपण त्यांनी आधीच सैल करून ठेवलं होतं.

आता

तो वेग परत येणार नाही. हे मला कुणी सांगितलं नाही, मीच स्वतःला सांगितलं, आणि सांगितल्यावर दोन-तीन महिने गिटारला हात लावला नाही. मग परत लावला. पोट भरून रडा, पण रडून झाल्यावर वाजवायचं जे काय आहे ते हाताशी ठेवा. गोळीची वेळ चुकवू नका. सांभाळणाऱ्या माणसाला मधूनमधून बाहेर पाठवा, चार लोकांत बसू द्या. तेही थकतं, बोलत नाही एवढंच.

गेल्या महिन्यापासून डावी करंगळी तारेवर उशिरा पडतेय. डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, गोळी थोडी वाढवली. "दोन्ही बाजूंना येतोच तो," म्हणाल्या, माझ्या नजरेला नजर देऊन. मला ते आवडलं.

रोज सकाळची गोळी चढली की मी आतल्या खोलीत बसते. एकच तार, खालचे फटके. वरचा आला तर आला. सुभेदार बाहेर सोप्यात, म्हणजे ओसरीवर, पेपर वाचत असतात. निदान मला तसं वाटायचं.

परवा अशीच वाजवत होते. घसा कोरडा पडला म्हणून मधेच थांबले आणि तांब्या तोंडाला लावला. बाहेर खुर्ची दणकन पडली. सुभेदार धावत दारात आले. चष्मा कपाळावर, पायात एकच चप्पल.

"काय झालं? का थांबलीस?"

"पाणी प्येत हुते."

ते चौकटीला धरून उभे राहिले. छाती वरखाली होत होती. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, सोप्यापासून आतल्या खोलीपर्यंत पळत आलेला. मी तांब्या खाली ठेवला. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग गिटारकडं.

"सांगून थांबत जा," म्हणाले, आणि परत बाहेर जाऊन बसले.